तांब्यावर मिना

वाचकहो, तांब्यावर म्हणजे तांबे या धातूवर. पाण्याच्या तांब्यावर नव्हे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण घरात विजेची छोटी भट्टी आल्यापासून शेजारीपाजारी मला कल्हईवालाच समजू लागले आहेत!

वास्तविक दोघांचे गोत्र निराळे. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळते. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. तिला सुमारे ८०० अंश लागतात. तांबे स्वतः वितळते १,०८५ अंशांना, म्हणून तर हा खेळ जमतो.

कृती अशी. एक मिलिमीटर जाडीची नवी वाटी मीठ-लिंबाने लख्ख घासावी. धुतल्यावर पाणी थेंब न धरता सलग पसरले, की तेलकटपणा गेला असे समजावे. मग डिंकाचे विरळ पाणी लावून वर बारीक चाळणीने पूड भुरभुरावी, पूर्ण वाळू द्यावी आणि वाटी तापलेल्या भट्टीत ठेवावी. पूड आधी साखरेसारखी, मग संत्र्याच्या सालीसारखी दिसते. दोन-तीन मिनिटांत ती आरशासारखी झाली, की वाटी बाहेर काढावी. या वेळी लाल रंग काळाठिक्कर दिसतो आणि नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. घाबरू नये, वाटी निवते तसतसा रंग परत येतो.

खरी मेख आहे मागच्या बाजूला. निवताना तांबे काचेपेक्षा अधिक आकसते. मिना एकाच बाजूला असला, तर वाटी वाकते नि टवके उडतात. म्हणून जिथे कुणाची नजर जात नाही, त्या बाजूलाही थर द्यावाच लागतो.

परवा आमच्या वहिनी त्यांच्या आईचे तांब्याचे फुलपात्र घेऊन आल्या. "भाऊजी, आतून निळे करून द्या ना! बेबी दूध पिईल यातून."

मी साफ नाही म्हटले. या पुडींत कधी शिसे असते, लाल-पिवळ्यांत कॅडमियम. पूड चाळताना मी स्वतः नाकाला मुखवटा बांधतो. मग पोरीच्या ओठाला तो मिना कसा लावू? शिवाय जुन्या भांड्यात उरलेले कथील मिन्याला नीट धरू देत नाही. आणि एकदा बिघडले, की आईची ती वस्तू पहिल्यासारखी होणे नाही!

वहिनी जरा रुसल्या. फुलपात्राला कल्हई करून आणली, पणत्यांखाली ठेवायला निळी थाळी करून दिली, तेव्हा कुठे हसल्या.

तेव्हा नव्या हौशांनी एवढे ध्यानात ठेवावे : ज्यातून घोट घ्यायचा त्याला कल्हई, ज्याकडे नुसते पाहायचे त्याला मिना. पहिला प्रयोग नव्या पत्र्यावर करावा. आजीच्या भांड्यावर कदापि नको.