टवाळीला पुरून उरलेला क्रीड

टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाने २०२३ मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, त्या हंगामात त्याचे खेळाडू आणि प्रेक्षक एक जुने गाणे घसा ताणून गात होते. १९९९ चे ‘हायर’. ते क्रीड या बँडचे, म्हणजे ज्याचे नाव काढताच अमेरिकेतील जाणकार रसिक वीसेक वर्षे नाक मुरडत आले, त्याच बँडचे. पुढच्याच वर्षी क्रीड दौऱ्यावर निघाला आणि मोठमोठी मैदाने भरू लागली.

१९९४ मध्ये गायक कर्ट कोबेन गेला आणि सिअॅटलच्या ग्रंज या रॉकप्रकाराची धग ओसरू लागली. रेकॉर्ड कंपन्यांना त्यातली जड गिटार आणि घोगरा गळा हवाच होता. कडवटपणा आणि यशाविषयीचा तिटकारा तेवढा नको होता. असा रेडिओवर चालेलसा घासूनपुसून घेतलेला प्रकार म्हणजे पोस्ट-ग्रंज. हे नाव समीक्षकांनी कौतुकाने ठेवलेले नव्हते.

याच प्रकारातल्या, फ्लोरिडातील टॅलाहासीच्या क्रीडने पहिला अल्बम, ‘माय ओन प्रिझन’, जेमतेम सहा हजार डॉलरमध्ये केला. १९९७ मध्ये विंड-अप कंपनीने तो देशभर पोहोचवला. ‘ह्यूमन क्ले’च्या (१९९९) एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती गेल्या, आणि बाप होण्याच्या बातमीवर रचलेल्या ‘विथ आर्म्स वाइड ओपन’ला ग्रॅमी मिळाले.

मग एवढी टवाळी का? गायक स्कॉट स्टॅप पेंटेकोस्टल घरात वाढलेला. गीतांत बायबलची भाषा, मंचावर बाहू पसरून उभे राहण्याची ढब, आणि वर ‘आम्ही ख्रिस्ती बँड नव्हे’ हा खुलासा. उपरोधाला बुद्धीची खूण मानणाऱ्या त्या काळाला हा भाबडा गंभीरपणा सोसवला नाही. टीका सगळीच अन्याय्य नव्हती. बरीच गाणी एकाच चढावर रेंगाळतात. डिसेंबर २००२ मधील शिकागोनजीकच्या मैफलीत स्टॅपची अवस्था अशी होती की चार श्रोत्यांनी बँडवर खटला भरला. न्यायालयाने तो फेटाळला, पण अब्रू गेलीच. २००४ मध्ये बँड फुटला.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. स्टॅपला वगळून उरलेल्या वादकांनी माइल्स केनेडी या गायकासह ‘ऑल्टर ब्रिज’ काढला आणि क्रीडचाच गिटारवादक मार्क ट्रेमॉन्टी याच्या त्याच गिटारची वाहवा होऊ लागली. म्हणजे राग सुरावटीवर कमी, आविर्भावावर जास्त होता. आता तोच आविर्भाव लोकांना लाडका झाला आहे: २००१ च्या थँक्सगिव्हिंगला डॅलसनजीक फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात झालेल्या क्रीडच्या कार्यक्रमाची चित्रफीत आधी खिल्ली उडवण्यासाठी फिरली, नंतर मायेने. १९९९ मध्ये जे शाळकरी होते ते आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात आहेत.

बँडने मात्र यासाठी नवे काही केलेले नाही. २००९ मध्ये तो थोडा काळ एकत्र आला तेव्हाच्या ‘फुल सर्कल’नंतर २०२४ चा दौरा सुरू होईपर्यंत त्याचा एकही नवा अल्बम आला नव्हता, मैदाने भरली ती जुन्याच गाण्यांवर.