सील निघालं, पण खोली कोण साफ करणार?

ऑगस्ट 2024 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने आपल्या पाचपावलीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, छुपा कारखाना पकडला. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत! सीताबर्डीतल्या माझ्या दवाखान्यापासून ही वस्ती काही लांब नाही. माल किती कोटींचा, हे सगळीकडे ठळक छापून आलं. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातही तसंच. अशा जागेच्या भिंती-फरशीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही.

डॉक्टर म्हणून मला तोच पडतो. हा माल बनवताना ब्रोमिन, तीव्र आम्लं, टोल्युइनसारखी द्रावकं वापरली जातात. ब्रोमिनची वाफ डोळे, घसा आणि फुप्फुसं भाजून काढते. सांडलेलं रसायन प्लास्टरमध्ये, लाकडात मुरतं, मोरीच्या पाइपात साचतं. वरून डिस्टेंपर मारला की डाग झाकला जातो, रसायन जात नाही.

आणि हे काम शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं? ठिय्यावरून रोजीवर आणलेल्या मजुराच्या. तोंडाला दुपट्टा, हाती खराटा. दुपट्टा धूळ थोडीफार अडवेल, वाफ अजिबात नाही. माझ्याकडे खोकला घेऊन येणारे रंगारी कुठल्या खोलीत काय होतं हे सांगूच शकत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हे काम करणाऱ्या ठेकेदाराला प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. न्यूझीलंडमध्ये अतिरेकही झाला. कुणी नुसती नशा केली म्हणून घरं रिकामी करवली. शेवटी 2018 मध्ये पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी सांगितलं, की खरी काळजी माल बनवलेल्या जागेची करा. म्हणून उगाच घाबरू नका. मी कारखान्यांबद्दल बोलतोय, शेजारच्या पोराच्या खोलीबद्दल नाही.

आपल्याकडे घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत, बुटीबोरीला अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. मग महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मिळून पाच-दहा ठेकेदार तयार करायला काय हरकत आहे? हवा कशी खेळती करायची, कार्ट्रिजवाला मास्क कधी लावायचा, कोणतं प्लास्टर खरवडून सीलबंद पाठवायचं, एवढं तर शिकवता येईल. खर्च मालकाकडून घ्या. आणि तपासणीचा दाखला मिळेपर्यंत भाडेकरू ठेवू देऊ नका.

तोवर अशी जागा तुमच्या वाट्याला आलीच तर कोरडा झाडू मारू नका, उरलेलं काही मोरीत ओतू नका. आम्ल सांडलेल्या जागी ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको, क्लोरीन वायू तयार होतो. आणि खोकला घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर त्या खोलीचं आधी सांगा.