घरचे बियाणे, गावची ठेव

सुधागड तालुक्यात पालीच्या आसपास आंबा नदीकाठच्या सखल खाचरांत गरवे भात, मधल्या जमिनीत निमगरवे, उंचवट्यावर हळवे आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी अशी पिकांची वाटणी आपल्या वाडवडिलांनी केली. ही वाटणी म्हणजे पावसाच्या लहरीपासून संरक्षणच होय. पाऊस लवकर ओसरला तरी हळवे हाती लागते. तो लांबला तर गरव्यास लाभ होतो. सृष्टीतील विविधता जीवन तारते, या शास्त्रवचनाचा अर्थ शेतकऱ्यास असा आपल्याच शिवारात वाचावयास मिळतो.

सुधारित वाणांनी उत्पन्न वाढविले, हे निर्विवाद आहे. जुनी उंच भाते जादा खताने लोळतात व उतारा कमी देतात. म्हणून ती टाकून द्यावीत काय? माझे मत स्पष्टपणे 'नाही' असे आहे. कारण सुधारित वाण जुन्यांच्याच पोटी जन्मतात.

याचे उदाहरण दूर नाही. खाडीकाठच्या खारजमिनीत तग धरणाऱ्या 'भुरा राता' या स्थानिक भातातून निवडलेल्या वाणाचा ठेंगण्या 'आयआर-८' शी संकर करून 'पनवेल-१' व 'पनवेल-२' हे क्षार सहन करणारे वाण तयार झाले. खाऱ्या पाण्यास तोंड देण्याचा गुण भुऱ्या रात्याचा. त्या शेतकऱ्यांनी ते बी आधीच टाकून दिले असते, तर संशोधकांनी तो गुण कोठून आणला असता?

१९७० नंतरच्या दशकात आशियातील भातावर तुडतुड्यांमार्फत पसरणारा 'ग्रासी स्टंट' हा विषाणुरोग आला. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून आलेल्या एका रानभातात खात्रीची प्रतिकारशक्ती सापडली. तिच्या बळावर १९७६ साली 'आयआर-३६' हा वाण बाहेर पडला. ज्यास आपण तण म्हणून उपटतो, त्याच्याच नात्यातील गवताने कोट्यवधींचे अन्न राखले.

बियाणे शीतगृहात जपले जाते, ते आवश्यकच आहे. परंतु तेथे ते बदलत्या हवामानाशी झुंजत नाही. ते काम शेतातच होते. मात्र हा भार एकट्या गरीब शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. सारे शेत जुन्या वाणाखाली आणावे असे कोणी म्हणत नाही. गावातील काही शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक गुंठा राखला, तरी पुष्कळ साधेल. भात मुख्यतः स्वपरागीभवनाने फळत असल्याने थोड्या जागेतही वाण शुद्ध राहतो. भेसळीची रोपे निसवताना उपटावीत, कापणीपूर्वी मधल्या भागातील निरोगी लोंब्या निवडाव्यात, त्या चांगल्या वाळवाव्यात व बी कोरड्या जागी नाव लिहून ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाच्या नोंदवहीत अशा वाणांची नोंद करवून घ्यावी. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे, हेही घरोघर सांगावे. पण नोंदवहीतील नाव उगवत नाही. उगवते ते कणगीतील बी. येत्या हंगामात वृद्ध शेतकऱ्यांकडे प्रथम त्याचीच चौकशी करावी.