दुकानदाराची झडती आणि कोट्यवधींना मोकळी वाट

लखनौच्या हजरतगंज पोलीस ठाण्यात २ नोव्हेंबर २०१९ रोजी एक गुन्हा नोंदवला गेला. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतील ४,१२२ कोटी ७० लाख रुपये मार्च २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात दिवाण हाउसिंग फायनान्स या मुंबईच्या खासगी कंपनीत ठेवण्यात आले होते. त्यांपैकी १,८५४ कोटी ८० लाख परत आले आणि २,२६७ कोटी ९० लाख अडकले. लाइनमन, मीटर रीडर, कारकून, अभियंते अशा ४५ हजारांवर लोकांचा हा घामाचा पैसा. वीज महामंडळाचे मुख्यालय शक्ती भवन याच भागात, अशोक मार्गावर आहे. म्हणजे पैसा जिथून निघाला आणि त्याची फिर्याद जिथे झाली, ती दोन्ही ठिकाणे हजरतगंजातच.

आता त्याच हजरतगंजातल्या एखाद्या चष्मेवाल्याची किंवा चिकनकारीच्या कुर्त्यांचे दुकान चालवणाऱ्याची स्थिती पाहा. त्याने चालू खाते उघडायचे म्हटले की आधार, पॅन, दुकानाचा परवाना, भाडेकरार, जीएसटीची नोंद, सारे काही सादर करावे लागते. काही वर्षांनी तेच कागद पुन्हा मागितले जातात. एका गिऱ्हाइकाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. बँकेत दहा लाखांवर रोख भरली की त्याचा अहवाल दिल्लीला जातो. हे नियम चुकीचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. काळा पैसा पांढरा करणाऱ्यांनी सर्वांत जास्त लुबाडले असेल तर ते कष्टकऱ्यालाच. पण चष्मेवाल्याच्या दोन लाखांना अडवणारी व्यवस्था चार हजार कोटींना का अडवत नाही, एवढे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

आमच्या मते त्याचे उत्तर सरळ आहे. २००२ चा आणि १ जुलै २००५ पासून अंमलात आलेला मनी लाँडरिंगविरोधी कायदा बँकेच्या काउंटरवर येतो तो एका प्रश्नाच्या रूपाने : तू कोण? हा प्रश्न छोट्या माणसाला विचारणे सोपे असते. मोठ्या ट्रस्टचे कागद चोख असतात, सह्या अधिकाऱ्यांच्या असतात. तो पैसा कुठे चालला, कोणाच्या दलालीने चालला आणि कोणी मंजूर केले, हे विचारण्याची छाती काउंटरवरच्या कारकुनाला कोण देणार? लखनौच्या प्रकरणात बनावट दलाली संस्थांना कमिशन गेल्याचा आरोप तपास यंत्रणेने केला. ट्रस्टचे सचिव, वित्त संचालक आणि माजी व्यवस्थापकीय संचालक यांना अटक झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. परंतु प्रकरणाला तोंड फुटले ते २०१९ च्या जुलैमधील एका निनावी तक्रारीने, कुठल्या संगणकीय इशाऱ्याने नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला गैरप्रकार दिसला त्याला आपले नाव लिहिण्याचीही हिंमत झाली नाही!

महाराष्ट्रातील वाचकांना ही कथा परकी वाटू नये. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येऊ लागले. टॅक्सीवाले, किराणा दुकानदार, निवृत्त कामगार आणि गृहनिर्माण सोसायट्या दारात रडत उभ्या राहिल्या. त्या बँकेत एचडीआयएल समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे पोलीस फिर्यादीत नमूद होते. एचडीआयएल आणि दिवाण हाउसिंग या एकाच वाधवान घराण्याच्या दोन शाखांच्या कंपन्या. दिवाण हाउसिंगनेही वांद्र्याच्या एका कागदोपत्री शाखेत २ लाख ६० हजार बोगस गृहकर्जदार उभे केले, असा सीबीआयचा २०२१ चा आरोप आहे. खऱ्या दुकानदाराचा फोटो जुना झाला म्हणून खाते थांबवले जात असताना हे लाखो न जन्मलेले कर्जदार मात्र आरामात नांदत होते.

अलीकडे छोट्या दुकानदारावर आणखी एक संकट आले आहे. चहावाल्याच्या मोबाइलवर कोणी दोनशे रुपये पाठवतो. तो पैसा तीन-चार खात्यांतून फिरून आलेला फसवणुकीचा असतो. मग दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून चहावाल्याचे सबंध खातेच गोठते. तो बँकेत येऊन भांडतो कोणाशी? आमच्या कारकून सभासदाशी. त्याच्या हाती ना आदेशाचे कारण, ना गोठवणूक उठवण्याचा अधिकार. त्यातच शाखेतील माणसे कमी केलेली आणि केवायसीची थकबाकी महिनाअखेर संपवण्याचा दट्ट्या वरून चालू. अशा वेळी दुकानदार आणि कर्मचारी यांनी एकमेकांना शत्रू समजणे हे वरच्यांच्या फारच सोयीचे आहे. आमची मागणी आहे की वादातील तेवढीच रक्कम रोखावी, सबंध खाते नव्हे, आणि खातेदाराला लेखी कारण व तपास अधिकाऱ्याचा पत्ता मिळावा.

दुकानदार बांधवांनाही दोन शब्द. महिन्याला चार-पाच हजार मिळतात म्हणून आपले खाते कोणाला वापरायला देऊ नका. अशा भाड्याच्या खात्यांतूनच लुटीचा पैसा फिरतो आणि बेड्या खातेदाराला पडतात. ‘चुकून जास्त पैसे आले, दुसऱ्या नंबरवर परत करा’ असे कोणी म्हटले तर बँकेला कळवा. स्वतः परत पाठवू नका. फसलात तर १९३० वर लगेच फोन करा, पहिले काही तास मोलाचे असतात. नोकरीच्या आमिषाने मजुराचे आधार-पॅन घेऊन त्याच्या नावावर जीएसटीची खोटी नोंदणी करण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. आपल्या वस्तीतील असंघटित कामगारांना हे सांगणे युनियनचे काम आहे.

लखनौकडे परत वळतो. तेथील वीज कर्मचारी नोव्हेंबर २०१९ मध्ये रस्त्यावर उतरले, त्यांनी कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे राज्य सरकारला निधीची हमी घेणे भाग पडले. ती एकजुटीची कमाई होती. पण पैसा गेल्यावर लढण्यापेक्षा जाण्याआधी पाहणे स्वस्त पडते. भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली सूट मिळालेल्या आस्थापनांच्या विश्वस्त मंडळात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. तीच तरतूद सरकारी महामंडळांच्या प्रत्येक ट्रस्टला लागू झाली पाहिजे. कामगारांचे प्रतिनिधी निवडून आलेले असावेत, नेमलेले होयबा नकोत. निधी कोणत्या कंपनीत, किती मुदतीने आणि कोणत्या दलालामार्फत ठेवला याचा कागद दर तिमाहीला कार्यालयाच्या फलकावर लागावा. आणि गैरप्रकार दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली वर्षभर तरी करता येऊ नये.

सभासदांनी आपल्या आस्थापनेच्या ट्रस्टवर कामगारांचे विश्वस्त कोण आहेत आणि मागील ताळेबंद त्यांना कधी दाखवला गेला, हे आपापल्या शाखा सचिवांकडे लेखी द्यावे. ज्या ठिकाणी दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळत नसेल, ती आस्थापना प्रथम कळवावी.