दोन महिन्यांच्या ताई-दादांना

आपल्या नात्यातली, ओळखीतली कॉलेजची मुलं हल्ली स्थलांतरित मुलांना शिकवायला इंटर्न म्हणून जातात. कौतुक आहेच. पण इतकी वर्षं शाळेत काढल्यावर एक सांगावंसं वाटतं.

बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलात परततात. पोराचं शाळेचं अर्धं वर्ष फडावर जातं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कारखान्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा दाखला आला नाही म्हणून त्याला परत पाठवू शकत नाही. पण हे त्याच्या आईबापांना सांगणार कोण? गाणी-खेळ जरूर घ्या. त्याआधी मुलाचं बोट धरून शाळेत नाव घाला. त्याला वाचता किती येतं, हातच्याची बेरीज जमते का, हे एका वहीत लिहा आणि ती वही त्याच्याबरोबर गावी जाऊ द्या. नाहीतर दर मुक्कामी नवी ताई आणि पुन्हा 'अ अननसाचा'पासून सुरुवात!

आणि हो, तुम्हीही जाणारच आहात. ती तारीख पहिल्याच दिवशी सांगा. मुलं समजून घेतात. न सांगता गेलेलं माणूस मात्र विसरत नाहीत.