खंडेराव गेटहून खंडेरीकडे

झाशीच्या जुन्या तटबंदीच्या दरवाजांपैकी एकाला सारे गाव खंडेराव गेट म्हणते. त्याच्याच आसपासच्या वस्तीत माझे माहेर आहे. समुद्र येथून रेल्वेने हजार किलोमीटरांहूनही दूर; तरी येथल्या मराठी घरांत कोकणचे नाव अधूनमधून निघतेच. झाशीचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे तर पेणजवळच्या वरसईचे. १८५७ च्या धामधुमीत ते झाशीत येऊन पोहोचले आणि त्यांचे ते पुस्तक १९०७ साली छापून निघाले. म्हणजे खाडीकाठची माणसे या कोरड्या बुंदेलखंडात येऊन राहिली, आणि पाहता पाहता पाण्याला पारखी झाली.

आमच्या घरात मात्र पाण्याशी फारकत होण्याचे कारण वेगळे होते. माझ्या जन्मापूर्वी धाकटे काका ओरछ्याजवळ बेतवेत बुडाले. श्रावणातला पूर होता. बरोबरची मुले दोर आणावयास धावली, कोणी नावाड्याला हाका मारीत सुटले. परतून पाहतात तो काका कोठे दिसेनासे झाले, हे कोणालाच नेमके सांगता येईना. तेव्हापासून आमच्या घरचे कोणी घोट्याच्या वर पाण्यात उतरलेले नाही. पर्वणीच्या स्नानालासुद्धा आई तांब्यानेच पाणी घेई.

अशा घरातली माझी भाची शिक्षणासाठी मुंबईस गेली आणि वर्षभराच्या आत तिने घरी कळविले की, एका शिडनौकांच्या क्लबात तिला दर रविवारी शिकावयास जावयाचे आहे. अर्जावर पालकांची सही हवी. दादाने तो कागद आठ दिवस खिशात बाळगला. शेवटी आईच म्हणाली, “तू मुंबईस कामाला जातेच आहेस. एक दिवस त्यांच्याबरोबर जा, डोळ्यांनी पाहा, आणि येऊन मला सांग. तू म्हणशील तसे.” ज्या बाईला हौदाची भीती वाटते तिच्यावर हा निवाडा येऊन पडला!

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघी मुंबई बंदराच्या धक्क्यावर हजर झालो. त्या दिवशी क्लबाच्या सहा नौका एकत्र खंडेरी बेटापर्यंत जाऊन संध्याकाळी परतणार होत्या. जाण्याचे अंतर अकरा-बारा सागरी मैल. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात.) आमच्या नौकेच्या प्रमुख पन्नाशीच्या एक बाई होत्या. सर्व त्यांना ताई म्हणत. त्यांनी पहिला प्रश्न केला, “आपल्याला पोहता येते का?” मी नाही म्हटले. वाटले, आता मला धक्क्यावरच ठेवतील. त्या म्हणाल्या, “हरकत नाही. जाकीट मात्र घट्ट बांधा. पोहणाऱ्यांनाही आम्ही ते सोडू देत नाही.”

निघण्यापूर्वी अर्धा तास नुसती तयारी चालली होती. भरती-ओहोटीचे कोष्टक उघडून सकाळच्या ओहोटीची वेळ पाहिली. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते व उतरते, आणि त्याची ओढ नौकेच्या वेगात भर तरी घालते किंवा त्यातून वजा तरी होते. मग माणसांची मोजणी, बिनतारी यंत्रांची तपासणी, कोणाला काय आजार आहे याची चौकशी. तांड्याचा क्रमही ठरला. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेली नौका, तिच्या लगेच मागे सर्वांत सावकाश जाणारी, आणि शेवटी सर्वांत कसलेला नावाडी. वेगवान नौकांनी सावकाश नौकेच्या चालीने जावयाचे. मला हे जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांसारखे वाटले आणि जीव थोडा खाली पडला.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी उलट. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते व दिवसा लवकर तापते, म्हणून हा फेरा. त्या जमिनीवरच्या वाऱ्याने आम्हांला अलगद दक्षिणेस नेले. उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकापुढचा, १८७५ सालचा प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडला. मोठी मालवाहू जहाजे खोल पाण्याच्या ठरीव मार्गानेच जाऊ शकतात. ती चटकन थांबत नाहीत की वळत नाहीत. तेव्हा त्यांच्या वाटेतून आपणच दूर राहावयाचे, ही शिस्त येथे पहिल्याच दिवशी शिकवितात. दुःखाची गोष्ट एवढीच की, बंदरातील पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा तवंग होता, आणि मासेमारीच्या जाळ्यांचे बोये त्यातून ओळखून काढणे जुन्या माणसांनाही जड जात होते.

वारा शिडाला मागून ढकलतो व नाव पुढे जाते, एवढीच माझी समजूत होती. ताईंनी ती मोडली. वारा बाजूने आला म्हणजे शीड पक्ष्याच्या पंखासारखे फुगते, त्याच्या दोन अंगांनी जाणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडतो आणि शीड एका बाजूस ओढले जाते. नौकेच्या पोटाखालचा जड, उभा पंखा तिला आडवी घसरू देत नाही; त्यामुळे ती पुढेच सरकते. मात्र वारा जेथून येतो त्या दिशेला थेट तोंड करून जाणे कोणत्याच शिडाला साधत नाही. तिकडेच जावयाचे असेल तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते. नौका वाऱ्याने कलली तेव्हा मी डोळेच मिटले होते. “खालचे वजन तिला पुन्हा उभी करते, पाहा,” असे ताई म्हणाल्या. ती खरोखरच उभी राहिली.

साडेदहाच्या सुमारास खंडेरी दिसू लागली. अलीकडे, किनाऱ्याच्या जवळ उंदेरी. पलीकडे खंडेरी आणि तिच्यावरचा १८६७ सालचा दीपस्तंभ. शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली या बेटावर तटाचे काम सुरू करविले, आणि मुंबईच्या तोंडाशी हे ठाणे नको म्हणून इंग्रजांनी आपली गलबते धाडली. १८ ऑक्टोबर १६७९ च्या झुंजीत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत धरले. मोठ्या गलबतांचा पहारा असतानाही मराठ्यांच्या हलक्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या होड्या बेटाला रसद पोचवीत राहिल्या. पुढील वर्षाच्या आरंभी सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली हे खरे, पण खंडेरी मराठ्यांकडेच राहिली. १९९८ साली तिला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तिचा समावेश झाला. आम्ही बेटावर उतरलो नाही. वळसा घालून परतीस लागलो.

आणि जे पाहावयास मी आले होते ते तेव्हा घडले. जेवणाचे डबे नुकतेच आवरले होते. ताईंनी काही न सांगता एक पिवळा रिकामा डबा पाण्यात फेकला आणि ओरडल्या, “माणूस पडला!” एकाने तरंगते कडे टाकले, दुसऱ्याने वेळ टिपली, तिसऱ्याने बिनतारी यंत्रावर इतर नौकांना कळविले. माझ्या भाचीला ताईंनी एकच काम सांगितले : हात लांब करून डब्याकडे बोट दाखवावयाचे, आणि काहीही झाले तरी नजर हलवावयाची नाही. शिडाखाली गडबड उडाली, नौका गर्रकन वळली, दोर सपसप वाजले. मुलगी जागच्या जागी फिरली, पण तिचे बोट त्या डब्यावरून ढळले नाही. मला तर लाट गुडघ्याएवढीच दिसत होती, तरी दुसऱ्याच क्षणी डबा माझ्या दृष्टीला नाहीसा झाला होता. नौका फिरून, वाऱ्याकडे तोंड करून अगदी त्याच्याशेजारी थांबली. चार मिनिटे लागली होती. ताई म्हणाल्या, “फार वेळ लावलात. पुन्हा.” दुसऱ्यांदा तीन लागली.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. बेतवेच्या काठावर त्या दिवशी धावणारे सर्वजण होते, पाहत उभे राहणारे कोणीच नव्हते, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

भाची मात्र पुष्कळ बोलत होती. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांची नावे तिला पाठ होती. ११ सप्टेंबर २०२५ रोजी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली ‘त्रिवेणी’ मुंबईहून निघाली तो दिवसही तिने सांगितला. मी तिला शुल्काचे विचारले. आकडा ऐकून मध्यम स्थितीतल्या घराने दोनदा विचार करावा असाच तो आहे. हा छंद अजून सुखवस्तूंच्या अंगणातच अडकून पडला आहे, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेतही शिडाची नौका चालविण्यास शिकवितात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढच्या आठवड्यात खंडेराव गेटच्या घरी, दिवेलागणीनंतर मी सारे सांगितले. दीपस्तंभ, किल्ला, शीड यांत आईला रस नव्हता. डब्याची गोष्ट तिने दोनदा सांगावयास लावली.

“आणि पोरीने नजर नाही काढली?”

“नाही.”

“नौका वळली तरी?”

“तरी नाही.”

आई बराच वेळ गप्प होती. मग दादाला म्हणाली, “तो कागद आण.” दादाने सही केली. संकटसमयी कोणास कळवावे, असा त्यात एक रकाना होता. तेथे दादा स्वतःचे नाव लिहू लागला तेव्हा आईने त्याला थांबविले आणि आपले नाव घालावयास लावले.