राखण कुंपणाची की शेताची?

सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, झोपलेली असते असे तिच्या कडव्या टीकाकारालाही म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष करांसाठी तिची एक समिती, जीएसटीसाठी दुसरी, कंपनी कायद्यासाठी तिसरी. अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालयाकडे निवेदन जाते, विधेयकाचा मसुदा निघाला की कलमागणिक सूचना तयार होतात, प्राप्तिकराचे पोर्टल बसले की मुदतवाढीची मागणी होते. सरकारच्या धोरणावर इतका जागता पहारा ठेवणाऱ्या व्यावसायिक संस्था देशात फार नाहीत. पण हा पहारा कुणासाठी, हे विचारायची वेळ आली आहे.

राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने, म्हणजे एनएफआरएने, नोव्हेंबर 2024 मध्ये समूह ऑडिटच्या सुधारित मानकाची, म्हणजे एसए 600 ची, शिफारस केली आणि आयसीएआयच्या प्रतिनिधींनी तिला विरोध नोंदवला. मुद्दा अगदी साधा आहे. समूहाच्या एकत्रित ताळेबंदावर सही करणाऱ्याने उपकंपन्यांच्या हिशेबाचीही जबाबदारी घ्यायची, की ‘तो भाग दुसऱ्या ऑडिटरने तपासला’ म्हणून हात वर करायचे? 2002 पासून चालत आलेल्या मानकात हात वर करण्याची सोय आहे. आंतरराष्ट्रीय मानकात नाही. आयसीएआयला ती सोय सोडवत नाही.

ही सोय किती महाग पडते, ते गुंतवणूकदारांना विचारा. कॉफी डे एंटरप्रायझेसच्या सात उपकंपन्यांतून 3,535 कोटी रुपये प्रवर्तकांच्या कंपनीकडे वळवले गेले, असे सेबीने जानेवारी 2023 च्या आदेशात नोंदवले. आयएल अँड एफएसचा डोलारा तर तीनशेहून अधिक कंपन्यांचा होता. अशा समूहात पैसा मुळात उपकंपन्यांच्या बोळांतूनच पळतो, आणि मुख्य ऑडिटर मात्र हमरस्त्यावर उभा!

लहान फर्मची कामे बड्या जागतिक फर्म गिळतील, ही आयसीएआयची भीती अगदीच खोटी नाही. पण सरकारी कंपन्या, सरकारी बँका आणि विमा कंपन्या या मानकातून वगळायचे एनएफआरएने सुचवले आहे. त्यानंतरही विरोध टिकतो, तेव्हा तो धंद्याचा असतो, तत्त्वाचा नसतो.

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. नीरव मोदी प्रकरणानंतर 2018 मध्ये एनएफआरए उभे राहिले, तेव्हा स्वतंत्र नियामकावर आयसीएआयची नाराजी. 2021 मध्ये छोट्या कंपन्यांच्या सक्तीच्या ऑडिटचा फेरविचार करणारे सल्लापत्र निघाले, तेव्हा विरोध. 2022 च्या दुरुस्तीने शिस्तपालन समितीच्या अध्यक्षपदी बाहेरची व्यक्ती आणली, तेव्हाही कुरकुर. दरवेळी कारण नवे, बांध मात्र तोच.

कंपनी कायद्याचे कलम 143(10) सांगते की ऑडिटच्या मानकांची शिफारस आयसीएआयने करायची आणि एनएफआरएने ती तपासायची. आपल्या या अधिकाराविषयी आयसीएआय जागरूक आहे, उत्तम. मग सत्यम बुडाले त्याच वर्षाच्या अखेरीस, 2009 मध्ये, समूह ऑडिटचे सुधारित आंतरराष्ट्रीय मानक जगात लागू झाले, त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तशी शिफारस का झाली नाही? दुसऱ्यांच्या मसुद्यातला स्वल्पविराम टिपणाऱ्या समित्यांना आपलेच जुने मानक दिसले नाही?

महाराष्ट्राला हे पुस्तकी वाटू नये. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त 1,000 रुपये काढता येत होते. बँकेची बहुतांश कर्जे एकाच बांधकाम समूहाला गेली होती आणि ती लपवायला 21 हजारांहून अधिक बनावट खाती होती. दोन ऑडिटरांना मुंबई पोलिसांनी अटक केली. त्या बँकेचा प्रश्न एसए 600 चा नव्हता, हे खरे. पण भांडुपच्या शाखेबाहेर रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनरने ऑडिटरच्या सहीवरच विसंबून ठेव ठेवली होती. त्या पेन्शनरच्या बाजूचे निवेदन कोणती समिती लिहिणार?

सुमारे चार लाख सभासदांची, 1949 च्या कायद्याने जन्मलेली ही संस्था सभासदांची युनियन नाही. आपले आक्षेप तिने आकडेवारीसह लोकांपुढे ठेवावेत. किती लहान फर्मचे कोणते काम जाईल, ते सांगावे. सांगता येत नसेल तर बाजूला व्हावे. एसए 600 ची फाइल आता कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आहे. मंत्रालयाने ती दाबून न ठेवता अधिसूचना काढावी.